स्वतःचा भौतिकशास्त्रीय सिद्धांत इंटरनेटवर मांडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरी-धंदा सांभाळून गुरुत्वाकर्षण, काळ, प्रकाश किंवा विश्वाची उत्पत्ती यांवर ज्यांनी स्वतःचा काही विचार केला आहे आणि तो आता लोकांपुढे ठेवायचा आहे, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. यात एक शब्द पुन्हापुन्हा येईल: ताळा. भागाकार झाल्यावर उत्तर बरोबर आहे का हे शाळेत ज्या ताळ्याने पाहतात, तोच. सिद्धांत मांडणाऱ्याने आधी स्वतः ताळा करावा आणि वाचणाऱ्यालाही तो करता येईल असं लिहावं, एवढंच खरं तर सांगायचं आहे.

माझ्याकडे भौतिकशास्त्राची पदवी नाही. तरी सिद्धांत मांडता येईल का?

येईल. पण यासाठी जी उदाहरणं दिली जातात ती नीट पाहायला हवीत. रामानुजन मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून होते. १६ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी केंब्रिजला गणितज्ञ हार्डींना पत्र पाठवलं, त्यात शंभराहून अधिक सूत्रं होती. काही सूत्रं हार्डींच्या आधीच ओळखीची होती, काही त्यांना थोड्या खटपटीने सिद्ध करता आली, म्हणून उरलेल्यांवर विश्वास बसला. पत्र वाचणाऱ्याला ताळा करायला भरपूर जागा होती.

सत्येंद्रनाथ बोस यांनी ४ जून १९२४ रोजी ढाक्याहून आइन्स्टाइनला पाठवलेला लेख अगदी छोटा होता आणि त्यात दावा एकच होता: प्लांकच्या नियमातला (तापलेल्या वस्तूतून निघणाऱ्या प्रकाशाच्या) एक गुणक जुन्या विद्युतचुंबकीय सिद्धांताचा आधार न घेता काढता येतो. आइन्स्टाइनने तो पडताळला, स्वतः जर्मनमध्ये अनुवाद केला आणि छापून आणला.

आणि पेटंट कचेरीतला तो कारकून? आइन्स्टाइनकडे १९०० सालापासून झुरिकच्या तंत्रशास्त्र संस्थेची पदविका होती आणि १९०१ पासून त्याचे लेख छापून येत होते. तो क्षेत्राबाहेरचा नव्हता, फक्त विद्यापीठात नोकरीला नव्हता.

माझ्याकडे आहे तो सिद्धांत की नुसती कल्पना, हे कसं ओळखावं?

एक वाक्य लिहून पाहा: «अमुक मोजमाप केलं तर आजच्या सिद्धांतानुसार हा आकडा येईल आणि माझ्यानुसार तो.» दोन्ही रिकाम्या जागी आकडे आणि एकक भरता आले तर तुमच्याकडे सिद्धांत आहे. नाही भरता आले तर कल्पना आहे. कल्पना असण्यात कमीपणा नाही, पण ती प्रश्नाच्या रूपात मांडावी: «गुरुत्वाकर्षणाचा नियमच लांबच्या अंतरावर बदलतो असं धरलं तर कोणत्या निरीक्षणाशी विरोध येतो?» अशा प्रश्नाला जाणकार मंडळी मनापासून उत्तर देतात. तीच गोष्ट «न्यूटन आणि आइन्स्टाइन दोघेही चुकले» या मथळ्याखाली टाकली तर कोणी उघडूनही पाहत नाही.

गणित येत नाही. फक्त शब्दांत मांडलं तर?

इथेच घोडं पेंड खातं. सूर्याजवळून जाणारा प्रकाश वाकतो हे न्यूटनच्या नियमांवरूनही निघतं, आणि योहान फॉन सोल्डनर याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ते काढलं होतं. त्या हिशोबाने उत्तर ०.८७ आर्कसेकंदाच्या आसपास येतं. आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतानुसार, म्हणजे सामान्य सापेक्षतेनुसार, ते दुप्पट, म्हणजे १.७५ आर्कसेकंद. (एका अंशाचे ३,६०० भाग केले की त्यातला एक म्हणजे आर्कसेकंद.) «प्रकाश वाकतो» हे वाक्य दोन्हीकडे सारखंच. १९१९ च्या ग्रहणात निवाडा झाला तो त्या दुपटीवर.

कलनशास्त्र, सदिश आणि साधी विकल समीकरणं इतकी शिदोरी हवीच. एनपीटेल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर आयआयटी मद्रासच्या व्ही. बालकृष्णन यांची अभिजात यामिकी आणि क्वांटम भौतिकीवरची व्याख्यानं फुकट आहेत. रोज तासभर दिला तर वर्षभरात आपलं गृहीतक आपणच तपासण्याइतकी तयारी होते. हे वर्ष वाया जात नाही, कारण पुष्कळदा या वाटेवरच मूळ शंकेचं उत्तर मिळतं.

मांडण्याआधी नेमके कोणते ताळे करावेत?

तीन: एककं, जुन्या नियमाशी मेळ, आणि एक प्रत्यक्ष मोजलेला आकडा. हे एका उदाहरणावर सविस्तर पाहू, कारण ही कल्पना खूप जणांना स्वतंत्रपणे सुचते.

समजा कोणी म्हणतं: गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतं हे जवळच्या अंतरापुरतं खरं, लांबवर ते सावकाश घटतं. म्हणून दीर्घिकांच्या (गॅलक्सींच्या) कडेचे तारे इतके वेगाने फिरतात आणि डार्क मॅटरची, म्हणजे न दिसणाऱ्या पण ओढ लावणाऱ्या द्रव्याची, गरजच उरत नाही. कल्पना चांगली आहे, व्यावसायिक संशोधकांनीही ती हाताळली आहे. सूत्र असं लिहिलं जातं: न्यूटनचं बल गुणिले (१ + अंतर).

एककांचा ताळा इथेच चुकतो. १ हा निव्वळ आकडा, अंतर मीटरमध्ये. या दोघांची बेरीज होत नाही. मीटरऐवजी किलोमीटर घेतले की बलच बदलतं, आणि निसर्ग काही आपली फूटपट्टी पाहून वागत नाही. दुरुस्ती सोपी आहे: (१ + अंतर ÷ ल). इथे ल ही एक ठरावीक लांबी. तिची किंमत किती, हे आता तुम्हाला सांगावं लागेल, आणि तिथूनच सिद्धांताची खरी परीक्षा सुरू होते.

दुसरा ताळा जुन्या नियमाशी मेळाचा. ल च्या मानाने अंतर फार लहान असेल तर कंस जवळपास १ होतो आणि न्यूटन परत मिळतो. हा ताळा जमला.

तिसरा आकड्याचा. बुधाची कक्षा हळूहळू फिरते. इतर ग्रहांची ओढ वजा केल्यावर शतकात ४३ आर्कसेकंद उरतात. हा फरक १८५९ मध्ये खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए यांनी दाखवला आणि सामान्य सापेक्षतेने तो भरून काढला: एका प्रदक्षिणेत ०.१०३५ आर्कसेकंद, शतकात ४१५ प्रदक्षिणा, गुणाकार ४३. आता नव्या सूत्रात आणखी एक सरकणं येतं. जवळपास वर्तुळाकार कक्षेसाठी ते दर प्रदक्षिणेला (पाय, म्हणजे π, × अंतर ÷ ल) रेडियन, आणि उलट्या दिशेने. ल एक प्रकाशवर्ष, म्हणजे ९.४६ लाख कोटी किलोमीटर, धरू. बुधाचं सूर्यापासूनचं सरासरी अंतर ५.७९ कोटी किलोमीटर. भागाकार करून आधी पायने आणि मग २,०६,२६५ ने (एका रेडियनमध्ये इतके आर्कसेकंद) गुणलं की दर प्रदक्षिणेला सुमारे ४ आर्कसेकंद, शतकात सुमारे १,६५०. असं काही दिसत नाही, म्हणजे ल एक प्रकाशवर्ष असणं शक्य नाही.

मग ल वाढवू. दीर्घिकांच्या फिरण्यासाठी ती हजारो प्रकाशवर्षांची लागतेच. २० हजार प्रकाशवर्षं घेतली तर शतकात ०.०८ आर्कसेकंद उरतात. हे नगण्य वाटतं, पण रडारची मोजमापं आणि २०११ ते २०१५ बुधाभोवती फिरलेलं मेसेंजर यान यांमुळे हे सरकणं आज आर्कसेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षाही नेमकं माहीत आहे. ०.०८ त्यात लपत नाही. सूत्र बाद.

हा सगळा हिशोब कागद, पेन आणि मोबाइलमधला कॅलक्युलेटर घेऊन संध्याकाळी बसून होतो. त्यातून पुढची वाटही दिसते: बदल अंतरावर अवलंबून ठेवला तर सूर्यमाला आड येते. भौतिकशास्त्रज्ञ मोर्देहाय मिल्ग्रोम यांनी १९८३ मध्ये हाच बदल अंतराऐवजी त्वरणावर बेतला आणि उंबरठा ठेवला सुमारे १.२ × १०⁻¹⁰ मीटर प्रति सेकंद वर्ग. बुधाचं त्वरण त्याच्या तेहतीस कोटी पट आहे, म्हणून तिथे अडचण एकदम सौम्य होते. त्या सिद्धांतावर आजही वाद आहेत, दीर्घिकांच्या समूहांमध्ये तो अडखळतो, पण आकडे देतो म्हणून त्यावर वाद घालता येतो.

आणखी कोणते आकडे जवळ ठेवावेत?

गुरुत्वाकर्षण किंवा काळाबद्दल बोलत असाल तर दोन पुरेसे. जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात: उंचीमुळे ४५ पुढे, वेगामुळे ७ मागे. तुमच्या सिद्धांतातून हे दोन्ही तुकडे वेगवेगळे निघायला हवेत. दुसरा १७ ऑगस्ट २०१७ चा: सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरून आलेल्या गुरुत्वीय लहरी आणि गॅमा किरण अवघ्या १.७ सेकंदांच्या फरकाने पोहोचले. गुरुत्वीय लहरींचा वेग प्रकाशापेक्षा वेगळा मानणारे अनेक व्यावसायिक सिद्धांतही त्या दिवशी मोडीत निघाले.

दीर्घिकांबद्दल असेल तर स्पार्क नावाचा संग्रह खुला आहे. त्यात १७५ दीर्घिकांचे फिरण्याचे वेग आहेत. त्यातली मनासारखी एक दीर्घिका निवडून आलेख दाखवू नका. सगळ्या घ्या, आणि प्रत्येकीसाठी किती आकडे जुळवून घ्यावे लागले ते लिहा.

माझं सूत्र एका स्थिरांकाशी चार-पाच अंकांपर्यंत जुळतं. हा योगायोग कसा असेल?

असू शकतो. ६ गुणिले पायचा पाचवा घात काढा: १८३६.११८. प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्या वस्तुमानांचं गुणोत्तर: १८३६.१५३. हे साम्य १९५१ मध्ये फिजिकल रिव्ह्यूमध्ये अगदी चार ओळींत छापूनही आलं, आणि तेव्हाच्या मोजमापात ते बसत होतं. आज हे गुणोत्तर दहा अंकांपर्यंत माहीत आहे आणि फरक पाचव्या अंकानंतर उघडा पडतो.

असं का होतं ते मोजून पाहा. १ ते २० मधला एखादा आकडा, आणि २, ३ व पाय यांचे उणे ५ ते अधिक ५ पर्यंतचे घात. एवढ्यातूनच २६,६२० गुणाकार तयार होतात. काही पुन्हापुन्हा तेच येतात, तरी इतक्या गर्दीत एखादा हव्या त्या आकड्याच्या शेजारी पडणारच. म्हणून जुळणी दाखवताना किती सूत्रं करून पाहिली हे प्रामाणिकपणे सांगावं, आणि त्याच सूत्रातून दुसरा, अजून न वापरलेला आकडा काढून दाखवावा.

एआय चॅटबॉट म्हणाला की सिद्धांत क्रांतिकारक आहे. मग?

हे प्रमाणपत्र धरू नका. तुमच्या बोलण्याचा रोख ओळखून त्याला पुढे नेण्याकडे या साधनांचा कल असतो, आणि संभाषण जितकं लांबतं तितकी स्तुती वाढते. एक चाचणी सहज करता येते. आपल्या लेखाची प्रत घ्या, एका समीकरणातलं चिन्ह मुद्दाम उलटं करा, एका जागी मीटरऐवजी सेकंद लिहा. आधीच्या संभाषणाची आठवण बंद करून नव्या खिडकीत ती प्रत द्या आणि विचारा: «हा लेख दुसऱ्या कोणाचा आहे, पहिली चुकीची ओळ कोणती?» पेरलेल्या चुका सापडल्या नाहीत आणि कौतुक तेवढं मिळालं, तर आधीच्या कौतुकाला किती किंमत द्यायची ते कळतं.

संदर्भ एकेक उघडून पाहा. अस्तित्वात नसलेले लेख, खऱ्या लेखकांच्या नावावर, खऱ्यासारखा दिसणारा डीओआय (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) लावून येतात. बीजगणित सिमपायसारख्या मोफत प्रणालीत स्वतः चालवा. लेखातली एकही ओळ अशी नको की जिचा अर्थ विचारला तर तुम्हाला सांगता येणार नाही. मदत घेतली असेल तर तसं लेखात लिहा.

लेख कुठे ठेवावा?

आर्काइव्ह (arXiv) हे लेख खुले ठेवण्याचं संकेतस्थळ १९९१ पासून चालू आहे आणि भौतिकशास्त्रज्ञ रोज सकाळी तिथे पाहतात. २००४ पासून नवख्या लेखकाला त्या विषयात आधी लेख ठेवलेल्या व्यक्तीची शिफारस लागते. शिफारस मिळाली तरी नियामक लेख नाकारू शकतात किंवा सामान्य भौतिकशास्त्राच्या विभागात हलवू शकतात. एकदा जाहीर झालेला लेख पूर्णपणे पुसता येत नाही, मागे घेतला तरी जुनी आवृत्ती राहते. घाई नको, ती यामुळेच.

विक्सरा (viXra) हे तसंच दुसरं संकेतस्थळ २००९ मध्ये सुरू झालं, तिथे जवळपास काहीही स्वीकारलं जातं. त्यामुळेच तिथला लेख व्यावसायिक माणसं सहसा उघडत नाहीत.

पहिल्यांदा लेख ठेवणाऱ्यांनी झेनोडो वापरावं. ते सर्न ही युरोपातली कणभौतिकीची प्रयोगशाळा चालवते, फुकट आहे, कायमचा डीओआय मिळतो, लेखासोबत आकडेमोडीची फाइल ठेवता येते, आणि दुरुस्ती केली की जुन्या आवृत्तीला धक्का न लावता नवी जोडली जाते. फक्त «माझा सिद्धांत सर्नने प्रसिद्ध केला» असं कुठेही लिहू नका. सर्न जागा देतं, मजकूर तपासत नाही. हा एक दावा दिसला की जाणकार वाचक पुढे वाचणं थांबवतो.

कोणी चोरलं तर? आधी पेटंट किंवा कॉपीराइट घ्यावा का?

पेटंट मिळणारच नाही. भारतीय पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३ नुसार वैज्ञानिक तत्त्वाचा नुसता शोध किंवा अमूर्त सिद्धांताची मांडणी हा पेटंट देण्याजोगा «आविष्कार» (इन्व्हेन्शन) धरला जात नाही. स्थापित निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध जाणारे दावेही त्याच कलमात बाद होतात, त्यामुळे अखंड चालणाऱ्या यंत्रावर वकिलाची फी घालवू नका. कॉपीराइट तुमच्या शब्दांना मिळतो, त्यामागच्या कल्पनेला नाही. आणि तो लिहिताक्षणी मिळतोच.

श्रेय राखायचं असेल तर तारखेसह जाहीर करणं हाच उपाय. डीओआयवर तारीख असते. उलट «मुख्य समीकरण गुप्त ठेवलं आहे, करार केल्यावर दाखवीन» असं म्हटलं की ताळा करायची वाटच बंद होते.

लेख कसा असावा?

चार ते आठ पानं, एकच दावा. पहिल्या परिच्छेदात तो दावा आणि त्याचा आकडा. मग गृहीतकं, मग पायरीपायरीने गणित, मग आजवरच्या मोजमापांशी तुलना, आणि शेवटी कोणतं मोजमाप आलं तर तुम्ही सिद्धांत सोडून द्याल ते. या शेवटच्या भागाने वाचणाऱ्याचा विश्वास सर्वांत जास्त बसतो.

प्रत्येक चिन्ह पहिल्यांदा येतं तिथेच त्याचा अर्थ आणि एकक द्या. ऊर्जा, बल, क्षेत्र, कंपन, मिती हे शब्द प्रचलित अर्थानेच वापरा. «ऊर्जा» म्हणून वेगळंच काही सांगायचं असेल तर नवा शब्द घडवा. समीकरणं लाटेक (LaTeX) या गणित नीट छापणाऱ्या प्रणालीत टाइप करा. ओव्हरलीफवर ब्राउझरमध्येच ते होतं. हाताने लिहिलेल्या वहीचे फोटो कोणी वाचत नाही. रंगीत अक्षरं, ठळक मोठे शब्द, उद्गारचिन्हं, गॅलिलिओशी तुलना, «प्रस्थापितांचा कट»: हे सगळं काढून टाका. जॉन बेझ या गणिती भौतिकशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये अशा खुणांना गुण देणारी यादीच केली होती. तिच्यात सर्वाधिक, ५० गुण, क्रांतिकारक सिद्धांताचा दावा करून एकही पडताळता येणारं भाकीत न देणाऱ्याला आहेत.

प्रचलित मताविरुद्ध बोललं की दाबून टाकतात ना?

जयंत नारळीकरांकडे पाहा. १९६४ मध्ये फ्रेड हॉईल यांच्यासोबत त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा वेगळा सिद्धांत मांडला आणि महास्फोटाच्या चित्राला ते पुढे आयुष्यभर प्रश्न विचारत राहिले. १९९३ मध्ये हॉईल आणि बर्बिज यांच्याबरोबरचा त्यांचा अर्धस्थिर विश्वाचा लेख ॲस्ट्रोफिजिकल जर्नलमध्ये आला. बहुतेक सहकाऱ्यांना तो पटला नाही, तरी छापला गेला, तपासला गेला. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी करणारा माणूस आयुष्यभर अल्पमतात राहू शकला, कारण प्रत्येक वेळी गणित समोर होतं.

प्राध्यापकांना ईमेल कसा करावा?

ज्यांचा त्याच मुद्द्यावर लेख आहे अशा एकाच व्यक्तीला. देशातल्या दोनशे जणांना एकत्र पाठवलेला ईमेल दोनशे जण पुसतात. सहा-सात ओळी, त्यांच्या लेखातल्या कोणत्या समीकरणावरून शंका आली ते, आणि दहा मिनिटांत उत्तर देता येईल असा एक प्रश्न. «तुमच्या लेखातलं समीकरण ७ लहान वेगांसाठी घेतलं तर मला दुसरं पद उणे मिळतं. कुठे चुकतंय?» याला उत्तर येण्याची शक्यता खरोखर चांगली असते. «सोबतचा ९० पानी ग्रंथ वाचून अभिप्राय द्यावा» याला नसते. तीन आठवड्यांनी एकदा आठवण करावी, नंतर दुसऱ्या कोणाला विचारावं. सेमिस्टर परीक्षांच्या दिवसांत पाठवू नका.

कोणी चूक दाखवली तर?

आधी आभार मानावेत, मग त्या ओळीपासून गणित पुन्हा करावं. एका चुकीवर पांघरूण घालायला नवं गृहीतक जोडलं आणि त्यातून नवा आकडा निघाला नाही, तर सिद्धांत फक्त जाड झाला. सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा प्रयोगातल्या मंडळींना न्यूट्रिनो नावाचे कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर पोहोचताना दिसले. त्यांनी सगळी मोजमापं उघडी ठेवून जगाला चूक शोधायला सांगितलं. पुढे नीट न बसलेली प्रकाशतंतूची केबल सापडली आणि निष्कर्ष मागे घेतला गेला. तुमच्या लेखाच्या नव्या आवृत्तीवरही «समीकरण ४ मधली चूक दुरुस्त केली» अशी एक ओळ लिहा.

एका जर्नलने आठवड्यात लेख स्वीकारला, फी मागितली आहे. द्यावी का?

देऊ नका. भौतिकशास्त्राचा लेख खरोखर तपासायला बहुतेक वेळा महिने लागतात. परीक्षकांचे अभिप्राय मागा. त्यात एकाही समीकरणाचा उल्लेख नसेल तर कोणी वाचलेलं नाही.

मराठीत मांडलं तर चालेल का?

कल्पना घासूनपुसून घ्यायला मराठीइतकी चांगली जागा नाही. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करते आहे आणि मराठीत विज्ञान समजणारे वाचक भरपूर आहेत. पण ज्या माणसाने तो सिद्धांत तपासायचा तो कदाचित बर्नला किंवा बंगळूरला बसला असेल, म्हणून अंतिम लेख इंग्रजीत हवा. साधं, छोट्या वाक्यांचं इंग्रजी पुरतं.

सिद्धांत बाद झाला, पण काम करायची इच्छा आहे. काय करता येईल?

खूप काही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांच्या प्रतिमांमधून वेगळ्या रेडिओ दीर्घिका शोधायला रॅड ॲट होम हा भारतीय उपक्रम २०१३ पासून सामान्य नागरिकांना शिकवतो. रूपविकारी (ज्यांची चमक बदलते अशा) ताऱ्यांची तेजस्विता साध्या दुर्बिणीतून मोजून अमेरिकेतल्या आव्सो या संस्थेला पाठवता येते, ती १९११ पासून अशा नोंदी जमवते आणि संशोधक त्या वापरतात. गुरुत्वीय लहरींची कच्ची मोजमापं खुली आहेत, सर्नचीही. हॅनी व्हान आर्केल ही नेदरलँड्समधली शाळाशिक्षिका. २००७ मध्ये गॅलक्सी झू या उपक्रमात दीर्घिकांची छायाचित्रं चाळताना तिला एक चमत्कारिक ठिपका दिसला आणि तिने एवढंच विचारलं की हे काय आहे. त्या वस्तूला आज तिचं नाव आहे.